रणांगण पाहिलेल्या माणसाने अद्भुतकथा लिहावी का?

प्रश्न : मी अंबाजोगाई तालुक्यातील रहिवासी असून सैन्याच्या सिग्नल्स विभागातून सुभेदार म्हणून निवृत्त झालो आहे. १९९९ साली कारगिलच्या लढाईच्या वेळी मी द्रास भागात होतो. तोफगोळ्यांनी तुटलेली टेलिफोनची लाइन जोडण्यासाठी रात्री गेलेला माझा एक सहकारी परत आला नाही. निवृत्तीनंतर नातीला सांगता सांगता एक गोष्ट वाढत गेली आणि आता तिची कादंबरी होऊ पाहत आहे. तीत एक काल्पनिक राज्य आहे, निरोप नेणारे पक्षी आहेत, डोंगरापलीकडचा शत्रू आहे आणि मोठे युद्ध आहे. ओळखीचे एक प्राध्यापक म्हणाले की, खरे युद्ध पाहिलेल्या माणसाने परीकथा लिहिणे ही पळवाट आहे, आठवणी लिहाव्यात. मुलगा म्हणतो की, टॉल्किनही सैनिकच होते. माझ्या लढाईच्या प्रकरणांत सर्व काही नकाशाबरहुकूम आहे, पण ती अहवालासारखी वाटतात. शेवटी सैन्य वाजतगाजत घरी येते, ते मलाच खोटे वाटते. एका पात्राला मी त्या सहकाऱ्याचेच नाव दिले आहे. हे योग्य आहे का? प्रस्तावनेत कारगिलचा उल्लेख करावा का? हस्तलिखित सोबत पाठवत आहे. कृपया माझे नाव छापू नये.

उत्तर :

सुभेदारसाहेब, सप्रेम नमस्कार.

आपल्या मुलाने दिलेले उदाहरण अगदी योग्य आहे, आणि ते त्याला वाटते त्यापेक्षा आपल्याला अधिक जवळचे आहे. ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ या अद्भुत कादंबरीचे इंग्रज लेखक जे. आर. आर. टॉल्किन हे पहिल्या महायुद्धात सिग्नल्सचेच अधिकारी होते. ऑक्सफर्डची पदवी घेतल्यानंतर ते लँकेशायर फ्युझिलिअर्स या पलटणीत दाखल झाले आणि जून १९१६ मध्ये, लग्नाला तीन महिनेही पूर्ण झालेले नसताना, फ्रान्सला रवाना झाले. त्यानंतर थोड्याच दिवसांत, १ जुलैला, तेथील सोम नदीकाठची लढाई सुरू झाली. त्या एका दिवसात ब्रिटिश फौजेची ५७,४७० माणसे कामी आली किंवा जखमी झाली आणि त्यांपैकी १९,२४० मरण पावली. शाळेपासूनच्या चौघा जिवलग मित्रांपैकी रॉब गिल्सन हा त्या पहिल्याच दिवशी पडला. दुसरा मित्र, कवी जी. बी. स्मिथ, तोफगोळ्याच्या तुकड्याने जखमी होऊन ३ डिसेंबर १९१६ रोजी गेला. टॉल्किन स्वतः वाचले ते उवांमुळे होणाऱ्या खंदक-ज्वरामुळे. ऑक्टोबरच्या अखेरीस त्यांना ताप आला, नोव्हेंबरमध्ये ते इंग्लंडच्या रुग्णालयात पोहोचले आणि पुन्हा आघाडीवर जाण्याइतकी त्यांची प्रकृती कधी सुधारलीच नाही. त्यांच्या बटालियनचा मात्र पुढे जवळजवळ नाश झाला.

येथे थोडे विषयांतर करतो, कारण ते आपल्या गावाशी संबंधित आहे. अंबाजोगाईला मोमिनाबाद म्हणत असत त्या काळी तेथे हैदराबाद कंटिन्जंटच्या, म्हणजे निजामाच्या राज्यात ब्रिटिश अधिकाऱ्यांच्या हाताखाली असलेल्या फौजेच्या, घोडदळाची छावणी होती. औरंगाबाद, जालना आणि हिंगोली येथेही त्या फौजेची ठाणी होती. याच कंटिन्जंटच्या घोडदळातून पुढे आकाराला आलेल्या डेक्कन हॉर्स या रेजिमेंटने १४ जुलै १९१६ रोजी सोमच्या आघाडीवरील हाय वुड या जंगलाजवळ भाले घेऊन चढाई केली होती. त्याच सुमारास तेथून काही किलोमीटरवर ओव्हिलेर या गावासाठी टॉल्किन यांची बटालियन लढत होती. सोमच्या चिखलाचा मराठवाड्याशी काही संबंध नाही असे कोणी म्हणाले, तर आपण त्याला हे अवश्य सांगावे.

आता प्राध्यापकांच्या आक्षेपाकडे वळतो. त्याचे उत्तर टॉल्किन यांनी स्वतःच देऊन ठेवले आहे. परीकथांवरील त्यांचा निबंध, ज्याचे मूळ १९३९ साली सेंट अँड्र्यूज विद्यापीठात दिलेल्या व्याख्यानात आहे, तो आपण मिळवून वाचावा. परीकथांची खरी गोडी आपल्याला तारुण्याच्या उंबरठ्यावर भाषांच्या अभ्यासामुळे लागली आणि युद्धाने ती पूर्णपणे जागी केली, असे ते त्यात नोंदवतात. सुटका आणि पलायन यांची लोक गल्लत करतात, ही त्यांची तक्रार आहे. तुरुंगात पडलेला माणूस घरी जाण्याचा विचार करत असेल, किंवा तुरुंगाच्या भिंतींखेरीज दुसऱ्या कशाबद्दल बोलत असेल, तर त्याला मोर्चा सोडून पळालेल्या शिपायाच्या पंक्तीला बसवता येत नाही. प्राध्यापकमहाशयांनी नेमकी हीच गल्लत केली आहे, असे मला वाटते. शिवाय अद्भुतकथा हे बाहेरून आणलेले खूळ आहे असा त्यांचा समज असेल, तर तोही दूर व्हायला हवा. परंपरा सांगते की, गुणाढ्याने आपली बृहत्कथा सातवाहनांच्या काळी पैठणच्या राजसभेतून बाहेर पडल्यावर अरण्यात रचली, राजाने ती नाकारल्यावर पशुपक्ष्यांना वाचून दाखवत तिचे एकेक पान अग्नीत टाकले आणि सातांपैकी एकच भाग शिल्लक राहिला. गोदाकाठच्या माणसाला विद्याधरांच्या आणि वेताळांच्या गोष्टी लिहिण्यासाठी कोणाच्या परवान्याची गरज नाही.

अनुभव कथेत कसा उतरतो, हा आपल्या पत्राचा गाभा आहे आणि त्याबाबत टॉल्किन यांचे उदाहरण फार सावधपणे घ्यावे लागते. त्यांनी १९१६-१७ च्या सुमारास, आजारपणाच्या काळात, गोंडोलिन या गुप्त नगराच्या पाडावाची कथा लिहिली. तीत नगराची तटबंदी फोडण्यासाठी धातूचे सर्पाकार राक्षस येतात आणि त्यांतील काहींच्या पोटात शत्रूचे सैनिक बसलेले असतात. इतिहासातील पहिले रणगाडे १५ सप्टेंबर १९१६ रोजी सोमवरच उतरले होते, हे लक्षात घेतले की, हे राक्षस कोठून आले असावेत याबद्दल फारसा संशय उरत नाही. अनुभव ताजा होता आणि तो जवळजवळ जसाच्या तसा कथेत शिरला. माझ्या मते मात्र ही त्यांची श्रेष्ठ निर्मिती नव्हे. युद्धाचा खरा ठसा त्यांच्या लेखनात उमटायला आणखी सत्तावीस-अठ्ठावीस वर्षे जावी लागली.

‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’मधील मृतांच्या दलदलीचे प्रकरण आपल्या मुलाकडून वाचून घ्या. दोन दमलेले प्रवासी अंधारात एका दलदलीतून वाट काढत असतात. कुजकट पाण्याखाली जुन्या लढाईत मेलेल्यांचे चेहरे दिसतात. त्यांत आपले आणि शत्रूचे दोन्ही असतात आणि पाण्याखाली ते सारखेच दिसतात. ही प्रकरणे टॉल्किन यांनी १९४४ च्या वसंतात लिहिली आणि हवाई दलाच्या प्रशिक्षणासाठी दक्षिण आफ्रिकेत असलेल्या आपल्या मुलाला, ख्रिस्तोफरला, ती एकेक करून टपालाने पाठवली. पुढे १९६० मधील एका पत्रात त्यांनी मान्य केले की, ही दलदल आणि त्यापुढील उजाड मुलूख यांच्यावर सोमच्या लढाईनंतरच्या उत्तर फ्रान्सचे काही ऋण आहे. पण त्याच दमात त्यांनी जोडले की, इंग्रज लेखक विल्यम मॉरिसच्या जुन्या कथांचे ऋण त्याहून अधिक आहे. माझ्या दृष्टीने हे दुसरे वाक्य पहिल्याइतकेच मोलाचे आहे. सोम एकट्याने आले नाही. लहानपणापासून वाचलेल्या कथांचा हात धरून आले. दलदलीत तोफा नाहीत, तारेची कुंपणे नाहीत, तारीख नाही. उरले आहे ते एवढेच की, पायाखालच्या पाण्यात माणसे आहेत आणि तरीही पुढे चालावे लागते.

म्हणून आपण कारगिलला पंचवीसहून अधिक वर्षे झाल्यावर लिहायला बसलात, याची खंत करू नका. आपल्या लढाईच्या प्रकरणांचा दोषही येथेच असावा असा माझा तर्क आहे. आपण द्रासची उंची, मोर्चे आणि रसदीचे मार्ग नीट मांडले आहेत, कारण ते आपल्याला ठाऊक आहेत. पण नकाशा वरिष्ठांच्या टेबलावर असतो. रात्री लाइन शोधत निघालेल्या माणसाला नकाशातील फारच थोडे दिसते. टॉल्किन यांनी ही गोष्ट पक्की धरली होती. ‘हॉबिट’ या १९३७ सालच्या पुस्तकात पाच सैन्यांची लढाई ऐन रंगात येते, तेव्हा नायक बिल्बोच्या डोक्यात दगड बसतो आणि तो बेशुद्ध पडतो. लढाईचा शेवट त्याला इतरांकडून ऐकावा लागतो. पुढील ग्रंथातही मोठ्या लढाया अनेकदा बुटक्या, दुय्यम आणि भेदरलेल्या माणसांच्या डोळ्यांनी दिसतात. त्या वेळी त्यांना कोण जिंकते आहे हे कळत नाही. जवळचा माणूस जिवंत आहे की नाही, एवढाच प्रश्न त्यांच्यापुढे असतो. आपण सेनापतीच्या तोंडची दोन प्रकरणे बाजूला ठेवा आणि तोच प्रसंग निरोप नेणाऱ्याच्या बाजूने पुन्हा लिहून पाहा.

सिग्नल्सच्या माणसाकडे एक असे ज्ञान असते, जे इतर सैनिकांकडे क्वचितच असते. ते आपण अजून वापरलेले दिसत नाही. सोमवर जमिनीत पुरलेल्या तारा तोफगोळ्यांनी तुटत, टेलिफोनवरील बोलणे शत्रूला जमिनीतून ऐकू जाई, दिवे आणि झेंडे धुरात दिसत नसत, आणि शेवटी माणसे व कबुतरे यांच्यावर विसंबावे लागे. निरोप पोहोचेपर्यंत परिस्थिती बदललेली असे. मी टॉल्किन यांचे पुस्तक वाचतो तेव्हा मला या अनुभवाचा वास पालान्तिर नावाच्या दूरदर्शी स्फटिकगोलांपाशी येतो. गोंडोर या राज्याचा कारभारी डेनेथॉर अशा गोलात पाहतो आणि त्याला काळ्या शिडांचा आरमारी ताफा नदीतून वर येताना दिसतो. जे दिसते ते खरेच असते. परंतु त्या जहाजांवर आता मित्र आहेत, हे त्याला कळत नाही, आणि अर्ध्या बातमीने तो हताश होऊन स्वतःला जाळून घेतो. टॉल्किन यांनी हा संबंध स्वतः सांगितल्याचे मी कोठे वाचलेले नाही. हा माझा अर्थ आहे. पण आपल्या निरोप्या पक्ष्यांसाठी तो उपयोगी पडेल. सध्या आपले पक्षी निरोप वेळेवर आणि बिनचूक पोहोचवतात. सिग्नल्समध्ये हयात घालवलेल्या माणसाने असे लिहावे, याचे मला खरोखर आश्चर्य वाटले. एखादा पक्षी उशिरा येऊ द्या, एखादा खरा निरोप चुकीच्या माणसाच्या हाती पडू द्या, आणि मग आपली लढाई अहवालासारखी वाटते का ते पाहा.

डोंगरापलीकडच्या शत्रूबद्दल. वाचकाला तो नकाशावर ओळखता आला, तर आपली कादंबरी तेथेच आटोपली असे समजा. ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ १९५४-५५ मध्ये आले, तेव्हा अनेकांना ते दुसऱ्या महायुद्धाचे रूपक वाटले. ग्रंथाच्या दुसऱ्या आवृत्तीच्या प्रस्तावनेत टॉल्किन यांनी हे स्पष्टपणे नाकारले. तसे असते तर कथेतील सत्ता देणारी अंगठी नष्ट न करता शत्रूविरुद्ध वापरली गेली असती, असा त्यांचा युक्तिवाद होता. रूपकात लेखक वाचकावर अर्थ लादतो, तर लागू पडणारी कथा वाचकाला मोकळे ठेवते, हा त्यांनी केलेला भेद मला पटतो. त्याच प्रस्तावनेत ते हेही सांगतात की, १९१८ पर्यंत आपला एक सोडून सर्व जवळचे मित्र मरण पावले होते. म्हणजे अनुभव नाकारायचा नाही. तो कोड्यासारखा सोडवायला द्यायचा नाही, एवढेच. मे १९४४ मधील एका पत्रात त्यांनी मुलाला लिहिले होते की, गोष्टीतील ऑर्क, म्हणजे शत्रूचे क्रूर सैनिक, एका बाजूला असतात, पण प्रत्यक्षात ते दोन्ही बाजूंना असतात. त्याच वसंतात लिहिलेल्या एका प्रकरणात नायक फ्रोडोचा नोकर आणि सोबती सॅम शत्रूच्या मेलेल्या शिपायाकडे पाहतो आणि त्याचे नाव काय असेल, तो कोठून आला असेल, खरोखरच दुष्ट होता की कोणाच्या खोट्या बोलण्याने घरापासून इतक्या दूर आला, असा विचार करतो. आपल्या हस्तलिखितात शत्रूपैकी कोणाचाही चेहरा मला दिसला नाही. एक तरी हवा.

सॅमचा उल्लेख आलाच आहे तर आणखी एक गोष्ट. या पात्रामागे १९१४ च्या युद्धातील साधे शिपाई आणि बॅटमन होते, ज्यांना आपण आपल्याहून कितीतरी श्रेष्ठ मानतो, असे टॉल्किन यांनी म्हटल्याचे त्यांच्या चरित्रात नोंदलेले आहे. आपल्याकडे सैन्यात ज्याला सहायक म्हणतात, तोच हा माणूस. आपल्या कादंबरीत राजे आहेत, सेनापती आहेत, पक्षी आहेत. पाठीवर तारेचा ड्रम बांधून लाइन अंथरणारा कोणी नाही.

एका बाबतीत मात्र टॉल्किन यांच्याकडून आपल्याला फारसे मिळणार नाही. शस्त्र न उचललेल्या माणसांचे युद्ध त्यांच्या कथेत काठावरच राहते. ते आपल्या घरात आहे. पत्राच्या येथे न छापलेल्या भागात आपण सहज लिहिले आहे की, आईने सांगितलेल्या रझाकारांच्या काळातील रात्रींची आठवण आपल्याला द्रासमध्ये येत असे. १९४७-४८ मध्ये मराठवाड्यातील कितीतरी कुटुंबे गाव सोडून निजामाच्या हद्दीबाहेर बार्शी, सोलापूरकडे गेली. मागे राहिलेल्यांनी दिवे न लावता रात्री काढल्या. सप्टेंबर १९४८ मधील पोलीस कारवाईनंतर उलट दिशेने सूड उगवला गेला, ज्याची चौकशी करण्यासाठी केंद्र सरकारने पंडित सुंदरलाल यांची समिती पाठवली होती आणि तिने उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर व नांदेड हे सर्वाधिक झळ बसलेले जिल्हे नोंदवले. एकाच गावाच्या दोन गल्ल्यांत त्या महिन्याच्या दोन वेगळ्या आठवणी आजही सापडतात. आपल्या काल्पनिक राज्यातील रयत युद्धाच्या वेळी कोठे जाते, गुरे कोणाच्या हवाली करते, परत आल्यावर तिच्या घरात कोण राहत असते, हे आईच्या सांगण्यातून घ्या. मात्र शेजारच्या गल्लीतील म्हाताऱ्यांकडेही बसून या. तेथेही अट तीच : नावे, तारखा आणि धर्म कथेत नकोत.

वाजतगाजत परतण्याचा शेवट आपल्याला खोटा वाटतो, कारण आपण स्वतः तसे परतलेले नाही. सत्कार झाला असेल, शाल-श्रीफळ मिळाले असेल, आणि दुसऱ्या दिवसापासून सातबाऱ्यावरील नोंदीसाठी तलाठ्याकडे खेपा सुरू झाल्या असतील. टॉल्किन यांचा फ्रोडो जग वाचवून घरी येतो, तर घरच उद्ध्वस्त झालेले असते; झाडे तोडलेली, गिरणीचा धूर, गुंडांचे राज्य. ते पुन्हा उभे राहते, पण फ्रोडो सावरत नाही. जखम झालेल्या तारखेला, ६ ऑक्टोबरला, तो दरवर्षी आजारी पडतो. गावात त्याच्या सोबत्यांचा मान वाढतो, त्याला मात्र फारसे कोणी विचारत नाही, आणि अखेर तो समुद्रापलीकडे निघून जातो. आपल्यालाही हे नवे नाही. महाभारत युद्धापाशी संपत नाही. त्यानंतर रणभूमीवर शोक करणाऱ्या स्त्रियांचे पर्व येते आणि राज्य मिळालेला युधिष्ठिर ते नको म्हणून बसतो. आपल्या कथेत मिरवणूक ठेवायची असल्यास ठेवा, पण तिच्यात आपल्या नायकाला चालवू नका. तो त्या वेळी कोठे होता, हे आपल्यालाच ठाऊक आहे आणि मला ते पत्रातून विचारायचे नाही. नात अकरा वर्षांची आहे म्हणून हा भाग गाळण्याचे कारण नाही. शेवट गोड केला आहे हे मुलांना मोठ्यांआधी कळते.

राहिला आपल्या सहकाऱ्याचा प्रश्न. त्याचे नाव पात्राला देऊ नका. पक्षी बोलतात अशा राज्यात खरे नाव आले की, त्या पात्राला चूक करता येत नाही, घाबरता येत नाही. ते पुतळा बनते आणि आपली लेखणी तेथे अडखळते. आपल्या हस्तलिखितातील तेच पात्र सर्वांत निर्जीव आहे, हे मी नाइलाजाने सांगतो. स्मिथने आघाडीवरून टॉल्किन यांना लिहिले होते की, मी मेलो तर मला जे सांगायचे होते ते तू सांग. टॉल्किन यांनी दोन वेगळी कामे केली. एकीकडे १९१८ मध्ये स्मिथच्या कविता त्याच्या नावाने, छोटीशी टिपणी जोडून छापून आणल्या; दुसरीकडे स्वतःच्या कथा लिहीत राहिले आणि त्यांत या मित्राला त्याच्या नावाने आणले नाही. आपणही तसेच करावे. त्या रात्रीची हकीकत साध्या गद्यात, जे पाहिले आणि ऐकले तेवढेच, पाच-सहा पानांत लिहा. त्यात प्राध्यापकांची इच्छाही पूर्ण होईल. ती पाने छापण्याची घाई नको. प्रथम त्याच्या घरच्यांना नेऊन द्या आणि त्यांना ती कोणाला दाखवायची आहेत की नाहीत, हे त्यांच्यावर सोपवा.

प्रस्तावना लिहू नका. टॉल्किन यांनी मित्रांच्या मृत्यूबद्दलचे ते वाक्य लिहिले तेव्हा ग्रंथ प्रसिद्ध होऊन दहा वर्षे उलटली होती आणि लोक चुकीचे अर्थ लावत होते म्हणून लिहिले. आपल्या मलपृष्ठावर ‘लेखक भारतीय सैन्याच्या सिग्नल्स विभागातून निवृत्त आहेत’ एवढे वाक्य पुरेसे आहे. कारगिलचा शब्द तेथे आला की, प्रकाशक तो मुखपृष्ठावर मोठ्या अक्षरांत छापतील आणि वाचक प्रत्येक डोंगरात द्रासजवळचे टोलोलिंग शिखर शोधत बसेल. अर्पणपत्रिकेत सहकाऱ्याचे नाव घालायचे असेल, तर त्याच्या पत्नीला विचारून घाला. निरोप्याच्या बाजूने लिहिलेले लढाईचे प्रकरण तयार झाले की, तेवढे एकच पाठवा. सेनापतीची प्रकरणे मी पुन्हा वाचणार नाही.